मुठीचं माप

मंडईतली बाई जुडी बांधायची
तिच्या मुठीत मावेल तेवढी.
ग्रॅम किती, असं तिला कुणी विचारलं नाही.

हडर्सफील्डच्या दवाखान्यात बर्नडेट विचारते.
बोटाला टोचते, थेंब पट्टीवर घेते,
आणि यंत्राचा आकडा यायच्या आत म्हणते,
हिरवं किती खाल्लंत या आठवड्यात?

सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
मी बटाटे कुस्करले, कस्टर्ड ढवळलं,
रक्ताचं पाणी केलं.
आता ते काम गोळ्यांकडे आहे:
एक निळी, दोन तपकिरी,
संध्याकाळी सहाला, चुकवायची नाही,
पिवळ्या वहीत नोंद.

छातीत कार्बनची झडप आहे.
रात्री यशवंत कूस बदलून पुटपुटतो,
ते घड्याळ बंद कर गं.
मी म्हणते, बंद पडलं तर चहा कोण देईल?

डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा.
इथे माणसांना दगडांत मोजतात.
शेजारची मॉरीन साडेदहा दगड,
मी तेरा.
पाटा-वरवंट्यासकट, असं मी तिला सांगितलं,
पण तिला पाटा समजावता समजावता
विनोद निवला.

जूनमध्ये टेकडीवरच्या माझ्या वाफ्यात
मेथी मातली.
सकाळी घोळाणा, दुपारी पातळभाजी,
रात्री नुसतीच परतून, तेल थेंबभर.
काटा पाच पौंड खाली आला.
आरशासमोर मी पदर नसलेल्या ब्लाउजात
एक गिरकी घेतली, कुणी पाहिलं नाही.

बर्नडेटने पाहिलं. एक पूर्णांक सहा.
रक्त दाट झालंय, काय बदललं?
चोरी सापडल्यासारखं मी म्हटलं, मेथी.
तिने वहीत ते नाव ऐकू आलं तसं लिहिलं,
त्यात एक अक्षर जास्तीचं.

मग मी पालेभाजीच टाकली.
वर नवरात्र आलं.
चार शेंगदाणे, राजगिऱ्याची अर्धी वडी,
बाकी चहा.
सातव्या दिवशी ब्रशवर गुलाबी फेस,
दंडावर सामानाच्या पिशवीचा बंद
जांभळा उमटलेला.
आकडा पाचाच्या वर.
एकादशी आणि दुप्पट खाशी, म्हणायची आई टोमण्याने.
मी दुप्पट खाल्लं असतं तरी
इतकं महागात पडलं नसतं.

बर्नडेट ओरडली नाही. खुर्ची जवळ ओढली.
सोडायचं नाही, म्हणाली,
एकदम वाढवायचंही नाही.
जे खाल ते दर आठवड्याला साधारण तेवढंच.
आम्ही गोळी जेवणावर बेतू.
आणि उपास करायचा असेल
तर आधी फोन.
वजन उतरू दे की,
पण जिन्याने, खिडकीतून नको.

त्या दिवशी बसमध्ये मी माझी मूठ
मिटून उघडून पाहत होते.
ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जनने
हात मिटून दाखवला होता,
एवढंच असतं, म्हणाला होता,
मला वाटलेलं मोठं असेल.

आता सोमवारी एक मूठ, गुरुवारी एक.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर बासष्ट ग्रॅम,
परवा अठ्ठावन्न भरली.
चालेल, म्हणते बर्नडेट,
तू काय सोनं तोलते आहेस?

उरलेली मेथी यशवंत खातो, हक्काने, दोन-दोन वाट्या,
माझ्यासमोर बसून.
मॉरीन तिची पानं चीज सँडविचमध्ये घालते
आणि कडू लागली तरी कबूल करत नाही.

दगड हळूहळू हलतोय. बारा आणि वर अकरा पौंड.
यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

गुरुवारी निथळलेली पानं काट्यावर ठेवते.
आकडा पुढे-मागे होतो,
साठ, एकसष्ट, साठ.
तो ठरेपर्यंत मी श्वास धरून उभी राहते.
खिडकीबाहेर कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेतंय,
आणि माझ्या आत
टिक, टिक,
न मोजता.